पाऊण मापाचं व्हायोलिन

बारीक तारेचा आवाज मेलाय, असं श्यामकांत देवस्थळी पहिल्यांदा म्हणाले ते संक्रांतीनंतरच्या रविवारी. तिलक नगरमधल्या त्यांच्या बाहेरच्या खोलीत कादंबरी सतरंजीवर बसली होती. उजवा पाय पुढे, व्हायोलिनचं डोकं घोट्यावर टेकवलेलं. खिडकीबाहेर विजेच्या तारांवर पतंगांची कागदं अजून लोंबत होती. तिनं बारीक तारेवर गज ओढला आणि त्यांना वाटलं, कुणीतरी तारेवर शालीचं टोक टाकलंय.

"थांब. परत."

तिनं परत ओढला. तेच.

त्यांनी तार बदलली. गजाला राळ घासली. तारांखालची घोडी तिळभर पुढे सरकवून पाहिली, मग तिळभर मागे. कादंबरी अकरा वर्षांची होती, पण चणीनं नवाचीच वाटायची. ती हनुवटीवर हात ठेवून हे सगळं बघत होती.

"आजोबा, मला तर तसाच येतोय आवाज. मतलब, पहिल्यासारखाच."

"तुला कळायला अजून वेळ आहे," श्यामकांत म्हणाले.

असं ते कुठल्याही मुलाला सहज म्हणत. त्यात चुकीचं काही नव्हतं. ज्या गोष्टीसाठी जयपुरात लोक त्यांना चाळीस वर्षं ओळखत होते, ती गोष्ट त्यांचा कान होती. बाकी त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. कराडहून ते एकोणतिसाव्या वर्षी इथं रेडिओवर व्हायोलिन वाजवायला आले आणि साठाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत मागच्या ओळीतच बसले. त्यांच्या एकट्याच्या वादनाची ध्वनिफीत काढायची म्हटलं असतं, तर तासभराचीही भरली नसती. पण ध्वनिमुद्रणाच्या आधी तानपुरे त्यांच्यापुढे यायचे. मोठमोठे गवई बाहेर चहा पीत थांबायचे आणि आत श्यामकांत डोळे मिटून खुंट्या पिळायचे. "देवस्थळीजी ने मिला दिया? तो फिर ठीक है," एवढं म्हणून गवई आत यायचे. या एका वाक्यावर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती, आणि खरं तर त्यावर ते सुखी होते.

निवृत्तीनंतर मुलं शिकायला येऊ लागली. बहुतेक मराठी घरांतली. कुणाचे वडील बँकेत, कुणाची आई विमा कंपनीत, कुणाचं घर इस्पितळाच्या आवारात. दोन-तीन वर्षांत बदली व्हायची आणि मूल निघून जायचं. या येण्याजाण्यातून त्यांच्या घरी एक रीत पडली होती. लहान व्हायोलिनं कुणी जयपूरबाहेर नेत नसे आणि विकतही नसे. अर्ध्या मापाचं लहान पडलं की ते पुढच्या लहानग्याकडे जायचं आणि त्याला मोठ्याकडून पाऊण मापाचं मिळायचं. पूर्ण मापाचं मात्र ज्यानं त्यानं विकत घ्यायचं, म्हणून ते कधी घ्यायचं हे श्यामकांत ठरवत. त्यासाठी त्यांचा एकच नियम होता. मुलानं डावा हात सरळ पसरायचा, व्हायोलिन खांद्याला लावायचं आणि त्याचं डोकं तळव्यात मावलं पाहिजे. नुसती बोटं टेकून चालायचं नाही. मावत नसेल तर थांबायचं. रडलं, रुसलं, आईबापांनी हट्ट केला, तरी थांबायचं. "मोठ्या वाद्यावर बोटं ताणली की वर्षभरात हात बिघडतो," ते सांगत, "आणि बिघडलेला हात दुरुस्त करायला कारागीर मिळत नाही."

हा नियम त्यांनी मार्चमध्ये मोडला.

कादंबरीची आई अनुश्री शनिवारी अर्ध्या दिवसाच्या ऑफिसनंतर तिला न्यायला यायची. ती नाशिकची, विमा कंपनीत अधिकारी. नवरा नागपुरात, आणि ही लेकीला घेऊन अडीच वर्षं इथं, सिविल लाइंसच्या अलीकडे एका भाड्याच्या घरात. बोलायला तुटक, पण मनानं सरळ. त्या शनिवारी ती दारातच उभी राहून म्हणाली, "काका, ही म्हणते तिचं व्हायोलिन बिघडलंय."

"मी नाही म्हणत, आजोबा म्हणतात," कादंबरी आतून म्हणाली.

"बिघडलं नाही, थकलंय," श्यामकांत म्हणाले. "शिकाऊ हाताला अजून पुरेल. पण ही आता त्या तारेवर जे वाजवायला बघते, ते त्यातून निघत नाही. मोठं घेऊन टाका."

"पण तुम्हीच दिवाळीत म्हणालात, अजून दीड वर्ष तरी नको. हिचा हात लहान आहे म्हणून."

"म्हणालो होतो."

"मग?"

"हात वाढेल. आवाज मेला तर मुलाचं मन मरतं."

वाक्य ऐकायला छान होतं. अनुश्रीनं मान डोलावली. "तुम्ही म्हणताय म्हटल्यावर प्रश्नच नाही. मला त्यातलं सा कळत नाही की रे." ती हसली आणि लेकीला घेऊन गेली. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली जाईपर्यंत श्यामकांत दारात उभे होते. इतक्या वर्षांचा नियम आपण दोन मिनिटांत का मोडला, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

त्यांच्या बायकोनं, मीनाक्षीनं मात्र विचारलं. ती शाळेत ग्रंथपाल होती, आवाज न करता लोकांना गप्प करायची सवय तिला नोकरीतून लागलेली.

"अहो, पोरीचं मनगट बघितलंत का? काडी आहे नुसती. मोठं कशाला लावताय मागे?"

"त्या वाद्यात जीव राहिला नाही."

"मघाशी बेल दोनदा वाजली. तुम्ही दाराशेजारी बसला होतात."

"रियाज चालला होता."

"रियाज संपला होता. काल कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या. मी आंघोळीला होते. भाताची पेज झाली."

"तुझ्या कुकरचा आणि व्हायोलिनचा काय संबंध?"

"मला काय ठाऊक? मी आपली कुकरवाली." ती कणीक मळत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "एकदा कान दाखवून या. फुकटात होतं. तुमच्याकडे शिकायला येतो त्या निलयचे बाबा डॉक्टरच आहेत, ते सांगतील कुणाकडे जायचं ते."

"माझे कान?" श्यामकांत इतक्या मोठ्यानं म्हणाले की तिचा हात थांबला. "ज्या कानांवर या घराची भाकरी आली, ते आता निलयच्या बापाला दाखवू?"

मीनाक्षीनं पुन्हा कणकेत बोटं घातली. त्या दिवसापासून तिनं तो विषय काढला नाही, आणि ते त्यांना जास्त लागलं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी श्यामकांत, अनुश्री आणि कादंबरी चौडा रास्त्याच्या एका गल्लीत वाद्यांच्या दुकानात गेले. श्यामकांतांनी तुलनेसाठी पाऊण मापाचं बरोबर घेतलं होतं. दुकानदार जुन्या ओळखीचा. त्यानं गादीवरून उठून नमस्कार केला, कादंबरीला लिम्का मागवली आणि तीन पूर्ण मापाची व्हायोलिनं पुढ्यात मांडली.

"मास्साब, कान आपके, माल मेरा. जो आप कहें।"

श्यामकांत मांडी घालून बसले. पहिलं व्हायोलिन सुरात मिळवून घेतलं. जाड तारा छान गुंजल्या. बारीक तारेवर गज ओढला आणि ऐकू आली ती तीच शाल. माल हलका असणार, म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं. दुसरं घेतलं. त्यावर त्यांनी गज जोरात ओढला, तशी कादंबरीनं लिम्काची बाटली खाली ठेवून दोन्ही कान झाकले.

"ई! आजोबा, केवढं टोचतंय!"

"हाँ, इसकी तो चीख निकलती है," दुकानदार हसत म्हणाला. "नई तार है ना. सुन ही रहे हैं आप।"

श्यामकांत ऐकत होते. सूर होता, आपल्या जागी, नेमका. पण टोचत नव्हता. किंचाळत नव्हता. लोकरीत गुंडाळून ठेवलेल्या सुईसारखा तो त्यांच्यापर्यंत येत होता. त्यांनी तिसरं घेतलं. मग शेवटी, कुणी काही विचारायच्या आत, सोबत आणलेलं पाऊण मापाचं काढून त्यावर तोच सूर लावला. चारही वाद्यांचा बारीक तारेचा आवाज एकसारखाच मेलेला होता.

चार वाद्यांत एकच खोट कशी असेल?

गल्लीत एक ई-रिक्षा उभी होती. एक बाई दुकानाच्या पायरीवर बसून पोराचा बूट बांधत होती. श्यामकांतांनी गजाकडे पाहिलं. राळेची पांढरी भुकटी उडताना दिसत होती. गजाचे केस तारेवर घासतात तेव्हा एक बारीक खरखर येते. ती खरखर आपण शेवटची कधी ऐकली, हे त्यांना आठवेना.

"काका?" अनुश्रीनं विचारलं. "कुठलं घ्यायचं?"

बोलायचं असतं तर तेव्हाच. कुठलंच नाही, वाद्य उत्तम आहे, खोट माझ्यात आहे, घरी चला. एवढीच चार वाक्यं होती. पण दुकानदार हात जोडून हसत होता. मागे कधी तरी यानंच दहा गिऱ्हाइकांना सांगितलं होतं, देवस्थळीजींनी हो म्हटलं की डोळे मिटून घ्या.

"हिला विचारू," ते म्हणाले. "वाजवणाऱ्यानं निवडावं. काय गं, कुठलं गोड वाटतं?"

कादंबरी लाजून म्हणाली, "तिसरं."

"शाब्बास. माझंही तेच मत."

तिनं आनंदानं तिसरं खांद्याला लावलं आणि डावा हात पसरला, कारण नियम तिलाही पाठ होता. बोटांची टोकं व्हायोलिनच्या डोक्याला कशीबशी शिवली. तळवा रिकामा राहिला.

"पोचत नाही ना काका?" अनुश्री म्हणाली.

"उन्हाळ्यात मुलं ताडमाड वाढतात," श्यामकांत म्हणाले.

त्याच संध्याकाळी निलयचे बाबा आले. त्यांची बदली गुवाहाटीला झाली होती. ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचा होता. निलय दहा वर्षांचा, अर्ध्या मापाच्या व्हायोलिनवर त्याचा हात आखडायला लागला होता. रीत मोडून, पण श्यामकांतांनीच महिन्याभरापूर्वी कबूल केलं होतं, की कादंबरीचं पाऊण मापाचं सुटलं की ते तू घेऊन जा, तिकडं कुणी गुरू मिळेल तोवर तुझं तू वाजव.

पाऊण मापाचं व्हायोलिन कोपऱ्यात होतं. दुकानातून येताना अनुश्रीनं ते इथंच उतरवलं होतं.

"देऊ ना?" मीनाक्षीनं विचारलं. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला काय कळलं होतं आणि काय नाही, सांगता येत नाही.

खरं बोलायची ही दुसरी वेळ होती. नको, ते अजून लागणार आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं, पुढचं काही सांगावं लागलं नसतं. पण मग निलयच्या बाबांनी विचारलं असतं, का हो, आणि श्यामकांतांना त्या दिवशी कुठल्याच "का"ला उत्तर द्यायचं नव्हतं.

"दे की," ते म्हणाले. "शब्द दिलाय आपण."

पुढचे चार रविवार त्यांनी डोळ्यांनी शिकवलं. पूर्वी ते मिटून ऐकायचे, आता उघडे ठेवून बघायचे. जे दिसत होतं ते चांगलं नव्हतं. कादंबरीचं मनगट आत मोडायचं. करंगळी जागेवर पोचावी म्हणून ती सगळा हात पुढे ढकलायची, मग अंगठा निसटायचा. सूर उतरलेला लागायचा. तो उतरलेला सूर त्यांना स्वच्छ ऐकू येत होता, कारण सुराची जागा अजून कळत होती. फक्त त्यावरची चमक गेली होती. ते म्हणायचे, "वर घे, अजून वर." ती ओठ चावून ताणायची. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "आजोबा, इथं दुखतं," आणि तिनं करंगळीच्या मुळाशी बोट ठेवलं. त्यांनी तिथं तेल चोळून दिलं. चौथ्या रविवारी तिनं दुखतं असं म्हटलंच नाही. तासभर ती घड्याळाकडे बघत वाजवत राहिली. याआधी तिला तास संपल्याचं सांगावं लागायचं.

सोमवारी श्यामकांत एकटेच जाऊन कान तपासून आले. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर यंत्र लावलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. बराच वेळ काहीच आवाज आला नाही. तपासणारी मुलगी काचेपलीकडून आपल्याकडे का बघतेय, ते त्यांना उशिरा कळलं. आवाज येत होते. वयोमानानं होतं, वरचे आवाज आधी जातात, असं तिनं नंतर कागदावरची उतरती रेघ दाखवत सांगितलं. कधीपासून, ते सांगता येणार नाही. चारपाच वर्षं तरी.

घरी येऊन त्यांनी कागद मीनाक्षीच्या हातात दिला. तिनं तो वाचला, घडी घातली आणि विचारलं, "अनुश्रीला कोण सांगणार?"

"मी."

"मी येऊ?"

"नको."

मंगळवारी संध्याकाळी ते गेले. ऊन उतरलं होतं, तरी रस्ता तापलेला होता. अनुश्री नुकतीच ऑफिसातून आली होती. गळ्यातलं ओळखपत्रही अजून काढलेलं नव्हतं. तिनं पाणी दिलं, पन्हं करू का म्हणून विचारलं. ते नको म्हणाले आणि बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. संक्रांतीपासूनचं. दुकानातलं. निलयच्या बाबांचं. कादंबरी दाराशी येऊन उभी राहिली होती, तिला आत जा म्हणायला कुणाला सुचलं नाही.

अनुश्रीनं गळ्यातलं ओळखपत्र काढून बाजूला ठेवलं.

"म्हणजे जुन्यात काही बिघाड नव्हता."

"नव्हता."

"आणि दुकानात तुम्हाला कळलं होतं."

"हो."

"काका, तिथंच सांगायचंत ना." तिचा आवाज चढला नव्हता. "मी काय म्हटलं असतं? चला म्हटलं असतं, मिसळ नाही पण कचोरी खाऊ आणि घरी जाऊ."

श्यामकांतांनी मान खाली घातली. ते म्हणाले, "हे मोठं कपाटात ठेवून द्या, दीड वर्षानं लागेलच. तोवर पाऊण मापाचं दुसरं बघू. तेच दुकान..."

"कुणाच्या सांगण्यावरून घेऊ?" अनुश्रीनं विचारलं.

तिला टोचून बोलायचं नव्हतं. ती खरंच विचारत होती. 

मग कादंबरी दारातूनच म्हणाली, "आजोबा, मतलब, तुम्हाला माझं ऐकूच येत नव्हतं?"

"येत होतं. सूर येत होता."

"मग तुम्ही म्हणायचात ना, आज आवाज फार गोड लागला. ते कसं म्हणायचात?"

ते खोटं नव्हतं. तिचा गज कसा फिरतो ते बघून ते म्हणत होते. चाळीस वर्षांच्या सवयीनं हात बघून आवाज ओळखता येतो. हे तिला समजावून सांगता आलं असतं. त्यांनी सुरुवातही केली. "तुझ्या हाताकडे बघून..." पण तिनं आपला डावा हात मागे घेतला, पाठीशी, आणि ते थांबले.

"परीक्षा झाल्यावर बघू या," अनुश्री म्हणाली. "आता शाळेचं नवं वर्षही सुरू झालंय, हिचा हातही दुखतोय. एकदा अर्धवार्षिक होऊ दे. बघू."

श्यामकांतांनी हे वाक्य अनेक घरांत ऐकलं होतं. परीक्षा झाल्यावर एकही मूल परत आलं नव्हतं. "बरोबर आहे," ते म्हणाले आणि उठले. "हाताला शेक द्या. ताण देऊ नका. आणि दुसरीकडं कुठं शिकायचं झालं तर..." नाव सुचेना. ज्यांची नावं ते सांगू शकले असते, ती मंडळी कधीच शहर सोडून गेली होती, किंवा जग. "मी चौकशी करून कळवतो."

"काका, पन्हं घेऊन जा ना," अनुश्री म्हणाली. आता तिचे डोळे भरले होते.

"नको. मीनाक्षी वाट बघत असेल."

त्यांनी दारात चपला घातल्या. अनुश्रीनं लेकीला खूण केली, तशी कादंबरी त्यांना फाटकापर्यंत सोडायला आली. अंगणात पारिजातकाखाली अंधारल्यासारखं झालं होतं. फाटकाअलीकडे दोन पायऱ्या होत्या. कादंबरी त्यांच्या अगदी जवळ आली, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं ओरडून म्हणाली,

"आजोबा! इथं! पायरी! आहे!"

शेजारच्या गच्चीवर कपडे काढणाऱ्या बाईनं वळून पाहिलं. श्यामकांतांना शब्द न् शब्द नीट ऐकू आला होता. त्यांनी मान हलवली, कठड्याला धरलं आणि हळूहळू खाली उतरले.